मिटलेली तोंडं

शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला नितेशदादाने स्टुडिओतल्या स्क्रीनचा फोटो पाठवला. टाइमलाइनवरच्या बावीस क्लिपांवर लाल पट्टे आले होते आणि मधोमध एका चौकटीत लिहिलं होतं की ‘घास’ नावाचं प्लग-इन सापडत नाही. खाली दोन बटनं होती, एक शोधण्यासाठी, एक वगळण्यासाठी. मी चारकोपच्या घरी, आईकडे, ओट्यापाशी चहा घेत उभी होते. चौकट नेहमीचीच होती. अंधेरीच्या ऑफिसात अशा चौकटी मी दिवसाला पाच-सहा पाहते. व्हिडिओच्या मोठ्या सॉफ्टवेअरला जोडायची लहान लहान अवजारं, म्हणजे प्लग-इन, लिहिणं हेच माझं काम आहे. तरी बाबांनी ठेवलेलं ते नाव आणि त्याच्यापुढे ‘सापडत नाही’ हे वाचल्यावर कप हातात तसाच राहिला, आणि चहावर साय धरलेली दिसली तेव्हा कळलं की बराच वेळ गेलाय. बाबांना जाऊन चार महिने झाले होते.

“वाट लागली गं,” नितेशदादा फोनवर म्हणाला. तो बाबांकडे पंधरा वर्षं कॅमेरा धरायला होता, आता इंडस्ट्रियल इस्टेटमधला स्टुडिओचा गाळा तोच चालवतो. “काल अपडेट मारलं. आता काकांचं घास उघडतच नाही. नाहूरच्या पार्टीचं उद्या संध्याकाळी द्यायचंय, नवरा सोमवारी कॅनडाला चाललाय.”

“जुनं व्हर्जन टाक ना परत.”

“टाकलं. प्रोजेक्ट नव्यात सेव्ह झालंय, जुन्यात उघडत नाही.”

“मग घास न लावता दे.”

“अठरा मिनिटांची पंगत आहे, प्रांजल. नवऱ्याची मावशी बोटावरचं श्रीखंड चाटतेय. ते तसंच देऊ? मला परत नाहूरला तोंड दाखवायचंय.”

घास काय करायचं हे बाहेरच्या माणसाला सांगायला लागलं की मला अजून थोडं अवघडल्यासारखं होतं. लग्नाच्या व्हिडिओत पंगत असते. पंगत घ्यावीच लागते, कारण आलेला प्रत्येक माणूस व्हिडिओत दिसला पाहिजे, आणि सगळे एका जागी, ओळीत, तोंड समोर करून फक्त जेवतानाच बसतात. पण जेवताना आपण कसे दिसतो हे कुणालाच बघवत नाही. कॅसेटच्या दिवसांपासून लोक बाबांकडे येऊन तेच सांगायचे: आमची माणसं सगळी दाखवा, फक्त खाताना दाखवू नका. बाबा वीस-पंचवीस वर्षं हे हाताने करत आले. घास तोंडात जाण्याआधीची फ्रेम ठेवायची, मधलं कापायचं, गिळून झाल्यावरची फ्रेम जोडायची. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्यांनी माझी पुस्तकं वाचायला घेतली. बावन्नाव्या वर्षी, अकरावी नापास माणसाने. त्यांचे वडील गिरणीत होते, संपानंतर घरात कोणी काही शिकण्याच्या मनःस्थितीत नव्हतं, आणि बाबा एका फोटोग्राफरच्या हाताखाली लाइट धरायला लागले. शिकायचं राहिलं याबद्दल ते कधी बोलले नाहीत. फक्त माझं पुस्तक ते वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचायचे, खराब होऊ नये म्हणून.

त्यांची युक्ती साधी होती. ओठांच्या दोन कोपऱ्यांवर एकेक ठिपका द्यायचा, एक हनुवटीवर. चघळण्याला ठेका असतो. तो ठेका सापडला की त्या माणसापुरत्या तेवढ्या फ्रेमा टाकून द्यायच्या आणि उरलेल्या ताणून एकमेकींना जोडायच्या. बोलण्याला तसा ठेका नसतो, हसण्याला नसतो. पहिल्यांदा त्यांनी हे एका मालवणी लग्नावर चालवलं तेव्हा नवऱ्या मुलाच्या चारही आत्या व्हिडिओतून नाहीशा झाल्या. आत्यांच्या नाकात नथी होत्या. नथ ओठावर हलत राहते, आणि प्लग-इनच्या हिशेबाने त्या बाया सकाळपासून अखंड जेवत होत्या. घरात केवढं भांडण झालं असेल याची कल्पना करून बाबा आठवडाभर अस्वस्थ होते. मग त्यांनी एक चौकोन वाढवला. त्यावर लिहिलं होतं ‘नथ’, आणि खूण केली की वरच्या ओठाकडे दुर्लक्ष व्हायचं. मी हे कॉलेजात सांगितलं होतं, हसवायला. मित्र हसले. मीही हसले. घास लावलेली पंगत मी तेव्हा नीट पाहिली नव्हती. नंतर पाहिली. शंभर माणसं भरल्या पानांसमोर तोंडं मिटून बसली आहेत, एकमेकांकडे सौम्यपणे बघत आहेत, जेवण सुरू व्हायची वाट पाहत असावीत तशी. आणि पानांवरचं अन्न मात्र हळूहळू कमी होत जातंय.

मी आधी दुसरीकडे शोधलं. अकरा ते साडेबारा मी हेच केलं, आणि आता वाटतं की ती टाळाटाळ होती. कातडी गुळगुळीत करणारी प्लग-इन मिळतात, ट्यूबलाइटची लुकलुक घालवणारी मिळतात, डोळे मिटलेले उघडून देणारंसुद्धा एक आहे. खाणं पुसणारं नाही. एका परदेशी फोरमवर बाबांनीच दहा वर्षांपूर्वी मोडक्या इंग्रजीत विचारलेला प्रश्न सापडला. खाली कोणीतरी विचारलं होतं, पण तुम्ही पाहुण्यांना खाताना शूटच का करता? बाबांनी उत्तर दिलं होतं, कारण ते आले होते.

बाबांचा कॉम्प्युटर आतल्या खोलीत होता, वर आईने जुना परकर झाकून ठेवलेला. “चालू करतंस?” आईने दारातून विचारलं. म्हटलं, नितेशदादाला हवंय काहीतरी. ती म्हणाली, “कर. धूळ पुस आदी,” आणि गेली. आई त्या खोलीत फारशी येत नाही. मशीन सुरू व्हायला वेळ लागला, पासवर्ड मला ठाऊक होता, माझीच जन्मतारीख. कोड सापडला. नव्या सॉफ्टवेअरसाठी तो नव्याने बांधायचा होता, म्हणजे मधले काही दुवे बदलायचे, काही जुनी नावं टाकून नवी घालायची. ऑफिसात हे काम मी एखाद्या ज्युनिअरकडे दिलं असतं. पण बाबांचा कोड वाचणं म्हणजे बाबा शेजारी बसून बोलताहेत असं होतं, आणि ते सोपं नव्हतं. त्यांनी कोडातल्या चलांना, म्हणजे व्हेरिएबलना, नावं दिली होती तोंड, हनुवट, मावशी. मध्ये मध्ये स्वतःसाठी टिपणं होती. ‘हे काढू नये.’ ‘हे का चालतं माहीत नाही, हात लावू नये.’ ‘प्रांजलला विचारणे.’ हे शेवटचं सात ठिकाणी होतं. त्यातलं त्यांनी मला किती वेळा खरंच विचारलं होतं ते आठवून पाहिलं. एकदा विचारल्याचं आठवतं. तेव्हा मी घाईत होते आणि म्हणाले होते, बाबा, हे सगळं पाडून पुन्हा लिहायला लागेल.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात त्यांच्या घशात गाठ निघाली. फेब्रुवारीनंतर तोंडाने काही द्यायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. गिळलेलं श्वासनळीत जात होतं. पोटात नळी बसवली. दिवसातून सहा वेळा सिरिंजने नाचणीची पातळ पेज, दूध, डब्यातली पावडर. हे मी शिकून घेतलं आणि चांगलं करायचे. आवाज बसला होता, पण बोलायचे. त्यांनी तक्रार केली नाही. एकदाच, होळीच्या आदल्या दिवशी, मला जवळ बोलावून म्हणाले, बांगड्याच्या तिखल्याचो रस जिभेक लाव गो जरासो, गिळूचंय नाय मी. मी नाही म्हटलं. डॉक्टरांनी सांगितलेलं पुन्हा समजावून सांगितलं, तसं आपण लहान मुलाला सांगतो. ते म्हणाले, बरा. पुन्हा विचारलं नाही. मी चूक केली की बरोबर, हा प्रश्न मी या चार महिन्यांत सगळ्या बाजूंनी पाहिलाय. वैद्यकीयदृष्ट्या मी बरोबर होते. पण मला जे जाणून घ्यायचंय ते तेवढ्याने भागत नाही. त्या अखेरच्या महिन्यांत बाबांना माझ्याकडून अन्नाचं काहीतरी, कुठल्याही वाटेने, मिळालं का, की मी सगळीच दारं नीट, नियमाने लावून घेतली, एवढंच मला हवंय. ते सांगणारं माणूस आता नाही.

नळी बसवल्यावर आई आणि मी स्वयंपाकघरात उभ्याने जेवायला लागलो, दार लोटून. भांड्यांचा आवाज होऊ देत नव्हतो. फोडणी मी बंदच करायला लावली होती. दोन-तीन आठवडे असं चाललं, मग एका दुपारी बाबांनी आम्हा दोघींना हाक मारून सांगितलं, “ह्या काय चोरासारख्या खातास? प्रांजल, भायर ये. माझ्या फुड्यात बसान जेव.” मला ते भयंकर वाटलं. पण ते हट्टाने बसले, मग मी टेबलाशी त्यांच्यासमोर जेवायला लागले. आई नाही बसली कधी. मी मान खाली घालून भरभर जेवायचे. त्यांचा फोन पाण्याच्या तांब्याला टेकून उभा असायचा; मला वाटायचं, ते बातम्या बघताहेत, म्हणजे माझ्याकडे बघत नाहीत, आणि तेवढं बरं वाटायचं.

दुपारी तीनच्या सुमाराला नवं घास बांधून झालं. मी बाबांच्याच जुन्या चाचणीच्या क्लिपवर ते चालवलं. ही क्लिप मला ओळखीची होती: बनियनवर बसलेले बाबा भात-आमटी खात आहेत, दहा वर्षांपूर्वीचे, गाल भरलेले. त्यांनी सगळ्या चाचण्या स्वतःवरच केल्या होत्या. निकाल उलटा आला. जिथे तोंड मिटलेलं होतं त्या फ्रेमा गळल्या, आणि चावणारे बाबा तेवढे उरले. सलग, न थांबता, पान रिकामं होईस्तोवर. कुठेतरी अधिकाचं चिन्ह उणे झालंय, मी मनात म्हटलं. औषधांच्या गुंगीत त्यांच्या हातून झालं असणार. बाबांची चूक सापडल्याचं जे एक लहानसं समाधान मला पूर्वी व्हायचं ते तेव्हाही झालं, आणि ते होताना मी स्वतःला पाहिलं. मग मी ती ओळ शोधून काढली. चूक नव्हती. ‘नथ’च्या खाली त्यांनी आणखी एक चौकोन केला होता, ‘उलट’ नावाचा, आणि त्यावर आधीच खूण होती. तारीख नऊ जुलै. बाबा गेले सहा ऑगस्टला. शेजारी टिपण होतं: ‘चाचणी प्रांजलवर बरोबर आली.’

प्रांजल नावाचं फोल्डर डेस्कटॉपवर मी सकाळीच पाहिलं होतं. लहानपणचे फोटो असतील म्हणून उघडलं नव्हतं. आत एकेचाळीस लहान क्लिपा होत्या, अर्ध्या-पाऊण मिनिटाच्या. प्रत्येक क्लिपमध्ये मी जेवत होते. त्याच टेबलाशी, खालून वर बघणाऱ्या फोनसमोर, कधी ऑफिसच्या कपड्यात, कधी केस ओले. आपण जेवताना कसे दिसतो हे बघवत नाही असं लोक म्हणायचे ते खरं आहे. माझी मान लवलेली असते, मी डाव्या बाजूनेच चावते, आणि चावताना कपाळाला आठी असते. पण ते मी पाहिलंच नाही म्हणा, कारण पहिल्याच क्लिपमध्ये बाबांचा आवाज आला. कॅमेऱ्याच्या मागून, खरखरीत. “कसा झाला हा?” मी न बघता म्हणाले, “ठीक आहे.” दुसऱ्या क्लिपमध्ये, “मीठ बराबर आसा?” “हो.” पुढे, “सुंगटा ताजी होती?” “ठीक होती.” मी एकामागून एक लावत गेले. एकेचाळीस जेवणं, आणि प्रत्येकात त्यांनी काही ना काही विचारलं होतं. कोकम घातलं की चिंच. तिरफळं लागली काय दाताखाली. ओलं खोबरं होतं की सुकं. आणि मी प्रत्येक वेळी दोन शब्दांत संपवलं होतं. मला आठवतं, मी असं का करायचे ते. ज्याला खाता येत नाही त्याच्यासमोर चवीचं वर्णन करणं निर्दयपणाचं आहे असं मी ठरवलं होतं. त्यावर कुठेतरी काही वाचलेलंही असेल. मी खूप वाचते. त्यांना जिभेवर रस मिळत नव्हता तर कानावर चालला असता, हे माझ्या लक्षात आलं नाही. माणूस एकेचाळीस वेळा एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत मागत होता आणि मी ठीक आहे म्हणत होते.

मी एक क्लिप थांबवली. तेरा मे, तिसळ्यांचं सुकं. मोठ्याने सांगून पाहावं असं वाटलं, खोलीत कोणी नव्हतं. पण त्या दिवशीचं सुकं कसं झालं होतं ते मला आठवेना. तिसळ्यांचं सुकं साधारण कसं लागतं तेवढंच आठवत होतं.

मग मी ‘उलट’वरची खूण काढली, सगळं पुन्हा बांधलं आणि नितेशदादाला पाठवलं. अर्ध्या तासात त्याचा फोन आला. मागे गाळ्यातल्या एसीची घरघर होती.

“झकास चाललं. मावशी एकदम सोज्वळ दिसतेय. पण खाली नवीन बटन आलंय, उलट म्हणून. ते काय करतं?”

“खाणारी माणसं ठेवतं. बाकीचं काढतं.”

“कशाला?”

“बाबांनी घातलंय.”

“काकांनी? त्यांना झालं काय होतं?” मग त्याचं त्यालाच कळलं असावं. “काढून टाक गं ते. इथली पोरं चुकून दाबतील आणि आख्खं नाहूर चावत बसेल.”

“काढते. संध्याकाळी पाठवते.”

काढणं म्हणजे चार ओळी पुसणं होतं. पुसण्याआधी एकेचाळीसही क्लिपांवर मी ते एकदा चालवलं, बाबांनी चालवलं असणार तसं, खूण करून. सगळं मिळून साडेअकरा मिनिटं झाली. लावल्यावर पहिल्यांदा जाणवलं की बाबांचा आवाज गेलाय. त्यांनी विचारलं की मी घास गालात धरून थांबायचे, उत्तर द्यायचे, मग पुन्हा चावायचे. थांबलेलं तोंड म्हणजे टाकायची फ्रेम, आणि फ्रेमेबरोबर तिचा आवाजही जातो. त्यांचे प्रश्न आणि माझी उत्तरं, दोन्ही गळून गेली होती. क्वचित कुठे ‘कसा’ एवढंच उरलं होतं, पुढचं तुटलेलं. यावरून त्यांना उत्तरांची गरज नव्हती असं म्हणता आलं असतं, आणि मला ते म्हणायचा मोह झाला. पण बाबा आवाजाकडे कधीच लक्ष देत नसत. लग्नाच्या व्हिडिओवर शेवटी गाणंच येतं, आवाज काय करायचाय, असं ते म्हणायचे. तेव्हा त्यांनी उत्तरं मुद्दाम टाकली की त्यांच्या ती गेलेली ध्यानातच आली नाहीत, हे ठरवायला माझ्याकडे काही साधन नाही.

मी बघत राहिले. बाहेर आईने दिवा लावला, कुणा शेजारणीशी दारातून बोलली. पडद्यावर मी जेवत होते. बोलणं नाही म्हणून असेल, किंवा थांबणं नाही म्हणून, पण ही मुलगी क्लिपांमधल्या मुलीसारखी दिसत नव्हती. तिची आठी कष्टाची वाटत नव्हती. ती भूक लागलेली मुलगी होती. ऑफिसातून आलेली, दिवसभर काही न खाल्लेली, समोर जे आहे ते मनापासून खाणारी. मला ते पाहताना लाज वाटली, कारण त्या महिन्यांत मला भूक लागत नव्हती असं मी सगळ्यांना सांगितलंय, आणि मानतही आले.

शेवटची क्लिप आठ जुलैची. कुळदाची पिठी आणि भात. मूळ क्लिपमध्ये ते विचारतात, “पिठी दाट झाली काय?” आणि मी म्हणते, “ठीक आहे.” ते मी दुपारी ऐकलं होतं आणि तेवढ्यावर पुढे गेले होते. आता ते शब्द नव्हते आणि जे उरलं होतं ते दिसलं. तोंडात घास असताना, मान वर न करता, मी डावा हात लांब करून भाताचं पातेलं पुढे ओढते. दोन डाव भात घेते. त्यावर पिठी ओतते, पानाच्या कडेपर्यंत जाईल इतकी, आणि वाटी कलती करून उरलेली बोटाने निपटून घेते. मग पुन्हा कालवते. हे पूर्ण होतं, एकही फ्रेम गेलेली नव्हती, कारण मी सगळा वेळ चावत होते.

मी मागे जाऊन बाकीच्या पाहिल्या. मेच्या पाच तारखेला कोलंबीचं कालवण दुसऱ्यांदा. जूनमध्ये एकदा सोलकढीची वाटी तोंडाला लावलेली, तळ दिसेपर्यंत. सगळ्यांत नव्हतं. काही दिवस मी अर्धं टाकून उठले होते, तेही होतं. तोंडाने मी नुसतं ठीक आहे म्हटलं तरी, मी पुन्हा वाढून घेते की नाही हे पलीकडे बसलेल्या माणसाला दिसत असणार. बाबांनी तीस वर्षं पंगती शूट केल्या होत्या. लोक ‘बस, बस’ म्हणत पानावर आडवा हात धरतात, आणि मग वाढप्याला परत बोलावतात, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

सात वाजता नितेशदादाचा फोन आला. “काढलंस काय ते?”

“नाही.”

“अगं, पोरं...”

“खूण काढून पाठवलंय ना तुला. बंदच आहे ते. कोणी हात लावला नाही तर काही होत नाही.”

“कोणाला लागणारेय पण?”

“माहीत नाही. असू दे.”

“बरं बाई,” तो म्हणाला. “नाहूरचं रेंडरला लावलंय. आख्खी पंगत आलीय, सगळी दिसतात.”